अर्धा नंबर कमी

रविवारी दुकान बंद असायचं, म्हणून घरातल्या सगळ्या पंचायती रविवारीच भरायच्या. दुकानामागच्या कारखान्यात, कातडं कापायच्या लांब टेबलाभोवती. कारखाना आपला म्हणायला. एक अरुंद खोली, दोन खिडक्या, तीन शिलाई मशिनं आणि समोरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले घरातल्या माणसांचे लाकडी पाय. आजोबांनी घालून दिलेली शिस्त होती ती. घरातल्या प्रत्येकाच्या पायाचा लाकडी फर्मा करायचा, तो भिंतीवर टांगायचा आणि त्यावर बेतलेलेच बूट त्या माणसानं जन्मभर घालायचे. वय वाढलं, पाय पसरला, कुठं हाड वर आलं, की फर्म्यावर नेमक्या त्या जागी कातड्याचं ठिगळ चिकटवायचं, म्हणजे बुटात तेवढी जागा सुटते. आत्याचा फर्मा तर अशा ठिगळांनी मढून गेला होता.

आजच्या पंचायतीचा विषय आत्याच होती. आणि ती समोरच, आपल्या जुन्या मशिनच्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून बसली होती. जन्मभर तिनं याच स्टुलावर बसून बुटांचं वरचं कातडं शिवलं. आता तिच्यादेखत तिचं काय करायचं ते ठरत होतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"माझ्या ओळखीचा एक वृद्धाश्रम आहे," वकील म्हणाला. हा दादाचा धाकटा भाऊ. घरच्यांशीही तो अशिलाशी बोलल्यासारखाच बोलायचा. "स्वच्छ आहे. डॉक्टर असतो. फाटकावर माणूस असतो."

"फाटकावर माणूस कशाला? आत्या काय चोर आहे?" हेडबाई कडाडल्या. दादाची ही मधली बहीण शाळेत मुख्याध्यापिका होती. सगळं घर पाठीमागं तिला हेडबाई म्हणायचं, आणि ते तिला ठाऊक होतं.

"मग तू ने तुझ्याकडं."

"नेली असती रे. पण मी दिवसभर शाळेत. घरी कोण बघणार?"

"बघ! म्हणजे फिरून पुन्हा तिथंच."

दादा टेबलाच्या टोकाला बसून कातडं कापायच्या रापीची धार अंगठ्यानं चाचपत होता. दुकान त्याचं, घर त्याचं, आत्या राहायची त्याच्याकडं, म्हणजे शेवटचा शब्दही त्याचाच. पण आज त्याला तोंड उघडायचंच नव्हतं. कुणीतरी काहीतरी ठरवावं, आपण मान डोलवावी आणि हे प्रकरण एकदाचं मिटावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"ताई, तुम्ही दोघं रविवारचे येता," दादाची बायको म्हणाली. ती बिचारी दमली होती. "रोजचं मला निस्तरावं लागतं. दुपारी जरा डोळा लागला, की आत्या गायब. परवा भाजी आणते म्हणून गेल्या आणि अंधार पडताना आल्या. रिकाम्या हातानं! विचारलं तर म्हणतात, बाजार बंद होता. आता बाजार कधी बंद असतो का? मागं एकदा पुलाजवळ पडल्या, तर कुण्या परक्या माणसानं आणून सोडलं. जिवाला घोर लागतो हो माझ्या. काही झालं तर लोक मलाच बोल लावणार."

वकिलानं खुर्ची वळवली आणि लहान मुलाशी बोलतात तसं हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आत्या, काल कुठं गेली होतीस?"

"इथंच होते."

"इथंच म्हणजे कुठं?"

"दोरा आणायला गेले होते."

"दोरा? अगं, घरात पोतंभर दोरा आहे!"

"मग विसरले असेन," आत्या म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मघापासून ती सारखी घड्याळाकडं बघत होती.

वकिलानं हात पसरले. "बघा. आता आणखी काय पुरावा हवा?"

हेडबाईंचा आवाज उतरला. आत्याची बाजू घेऊन भांडायला त्या आल्या होत्या, पण हे ऐकल्यावर त्यांचंही अवसान गळालं. "खरंच इतकं विसरते का रे ही?" त्यांनी दादाला विचारलं.

दादानं नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

तेवढ्यात हेडबाईंची नजर खाली गेली. शाळेत बाकाखाली काय चाललंय ते बघायची सवय, दुसरं काय! आत्यानं बुटातून टाच अर्धी बाहेर काढली होती आणि पाय तसाच अधांतरी धरला होता.

"आत्या, पायाला काय झालंय?"

"कुठं काय."

"बूट काढ बघू."

"राहू दे गं. थंडी वाजते पायांना."

"काढ म्हणते ना!"

हेडबाई खाली वाकल्या, नाडी सोडली आणि बूट ओढला. आत्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, तो तिनं लगेच गिळला. मोजा बोटांपाशी चिकटला होता. हेडबाईंनी तो पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. करंगळीची कड सोलून निघाली होती, आणि अंगठ्याच्या मुळाशी वर आलेल्या हाडावर फोड येऊन फुटून पुन्हा फोड आला होता.

"अगं बाई!" दादाच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. "आणि म्हणून त्या मोजे स्वतः धुवायला लागल्या होत्या! मी म्हणायची, धुतलेले मोजे पुन्हा पुन्हा काय धुतात या. मला वाटलं, तेही विसरतात."

"हे बूट कुणी केलेत?" हेडबाईंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. या घरात बूट एकच माणूस करायचा.

"नवं कातडं आहे," दादा म्हणाला. "चार दिवस घातले की सैल होतील."

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे कान तापले. चार दिवसांत सैल होतील! खोटारड्या दुकानदारांचं ठेवणीतलं वाक्य. हे वाक्य या दुकानात ज्याच्या तोंडून निघेल त्यानं दुसरं दुकान बघावं, असं आजोबा म्हणायचे. आज ते आजोबांच्या नातवानं, आजोबांच्याच लेकीच्या बुटांबद्दल उच्चारलं होतं.

"त्याला काही बोलू नका," आत्या घाईघाईनं म्हणाली. "बूट मापातच आहेत. माझेच पाय सुजतात हल्ली. म्हातारपणी पायांना शिंगं फुटतात, त्याला तो काय करणार?"

पण हेडबाई याच घरात वाढल्या होत्या. बुटात हात घालून आतून अंगठा फिरवायला त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी हात आत घातला, चाचपला, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि आत्याचा फर्मा खिळ्यावरून काढून उजेडात धरला.

फर्मा उघडा होता. वर्षानुवर्षं चिकटवलेली ठिगळं, अंगठ्याच्या हाडाचं, करंगळीचं, चवड्याचं, सगळी खरवडून काढलेली. त्या जागी सरसाचे पिवळे डाग तेवढे उरले होते. आत्या तरुण होती तेव्हाचा पाय होता तो.

"दादा," हेडबाई हळू आवाजात म्हणाल्या. आज पहिल्यांदाच त्या हळू बोलल्या. "ही ठिगळं कुठं गेली?"

दादाला वाटलं, आत्ता रस्त्यावर काहीतरी व्हावं, दाराशी गिऱ्हाईक यावं, कुणाचा तरी फोन वाजावा. रविवार होता. कुणी आलं नाही.

"मी काढली," तो म्हणाला.

"काढली म्हणजे? पडली का?"

"काढली. रापीनं. मुद्दाम." त्याला पुढं बोलवेना, पण थांबताही येईना. "काय करू सांगा ना! दाराला कुलूप लावलं असतं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तोंडात शेण घातलं असतं. ही ऐकत नाही. म्हटलं, अर्धा नंबर कमी करू. कोपऱ्यापर्यंत जाईल, पाय दुखतील, परत फिरेल. घरात काय, घरात सपाता आहेतच. मला वाटलं, ती परत फिरेल..."

"अहो!" त्याची बायको एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. आत्ताआत्तापर्यंत आत्याच्या तक्रारी सांगणारी ती उठली आणि आत्याच्या स्टुलाला लागून उभी राहिली. वकिलाला नेहमी काहीतरी बोलायला सुचायचं, पण तोही नखं बघत बसला.

दादाला भावाबहिणीची लाज वाटली, बायकोची वाटली. पण खरी लाज वाटली ती आत्याच्या चेहऱ्याची. तिथं नवल असं काहीच नव्हतं. जिनं जन्मभर बुटांचं कातडं शिवलं, तिला पहिल्याच दिवशी पाय घालताक्षणी कळलं असणार. कळलं, आणि तिनं नाड्या बांधल्या, आणि "छान झालेत रे," असं म्हणाली. तेव्हा त्याला वाटलं होतं, फसली.

"झालं ना तुमचं?" आत्या म्हणाली. "मग मी जाऊ का? आधीच उशीर झालाय."

"कुठं जाणार?" तिघांनी एकदमच विचारलं.

आत्यानं दादाकडं बघितलं. "या घरात जे नाव काढायचं नाही असं तू ठरवलंयस, ते काढू का?"

दादाच्या हातातली रापी टेबलावर पडली. नाव काढायची गरजच उरली नव्हती. काकू. आत्याची भावजय. काका गेल्यावर मला दुकानात शिवायला बसू द्या म्हणून तिनं विचारलं होतं, आणि दादा म्हणाला होता, 'आता तुमचं इथं काय काम?' विश्रांती घ्या असं म्हणायचं होतं, असं तो नंतर सगळ्यांना सांगायचा. काकूनं काकांचे फर्मे पिशवीत भरले आणि समोरच्या बूटवाल्याच्या दुकानात जाऊन शिवायला बसली. त्या दिवसापासून दादानं तिचं नाव टाकलं, आणि त्याच्या धाकानं घरानंही टाकलं.

"तू काकूकडं जातेस?" वकिलानं विचारलं. "रोज? पुलापलीकडं? चालत?"

"मग काय पालखी येते मला न्यायला?"

"आणि तिथं करतेस काय?"

"काही नाही. स्टुलावर बसते." आत्यानं मोजा पायात चढवायला घेतला. "मागं ती न्हाणीघरात पडली. अर्धा दिवस तशीच पडून होती, कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून अंघोळीची धास्ती घेतलीय तिनं. एकटी आत जात नाही म्हणजे नाही. अंगाला वास यायला लागला, म्हणून लोकांत जायची बंद झाली. लोकांत जाईना, म्हणून तिच्याकडं कुणी येईना. म्हणून मी जाते. ती आत अंघोळ करते, मी दाराबाहेर बसून बोलत राहते. बाहेर कुणीतरी आहे एवढं तिला कळलं, की झालं. आता तुम्ही मला त्या आश्रमात धाडणार. धाडा, माझं काही म्हणणं नाही. पण तिच्या दाराशी कोण बसणार, ते आधी ठरवा."

"मग हे सांगायचं नाही का?" हेडबाई रडवेल्या झाल्या. "विसरले, विसरले काय म्हणत होतीस! आम्ही तुला वेडी ठरवायला निघालो होतो."

"नाव काढलं असतं तर घरात भांडण झालं असतं. म्हातारी विसरली म्हटलं, की कुणी भांडत नाही."

आत्यानं बुटात पाय सरकवायला घेतला आणि ओठ दाताखाली दाबला. दादा पुढं झाला आणि तिच्या हातातून बूट काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातच्या बुटाची किळस आली.

"मी जातो," तो म्हणाला.

"मी जाऊ का, आत्या?" त्याची बायको मधेच म्हणाली. "बायकांचं काम आहे."

"नको. तोच जाऊ दे," आत्या म्हणाली. "दार लावलेलं असतं. बाहेरच तर बसायचंय, त्यात बायकांचं काय न् पुरुषांचं काय!" तिनं कमरेची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "कुलपाचा आवाज झाला, की ती आपली आपण आत जाईल. तू बोलत राहा, बस्स. काहीही बोल. आवाज थांबला, की ती घाबरते."

पुलापर्यंतचा रस्ता दादाच्या पायाखालचा होता. पण आज त्याला रस्त्यावरचा प्रत्येक दगड दिसत होता. इथं फरशी उचकटलेली, इथं उतार, इथं गटाराच्या कडेनं तिरपं चालायचं. इथं ती पडली. त्याचे स्वतःचे बूट लोण्यासारखे मऊ होते. ते मऊ असल्याचा त्याला राग आला. काकूच्या इमारतीचा जिना उंच आणि अंधारा होता, आणि वर पोचेपर्यंत त्यालाही धाप लागली. या जिन्यावर आत्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत असेल, तेव्हा आपण दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होतो, की बुटात अंगठ्यापुढं बोटभर जागा हवीच!

त्यानं कुलूप उघडलं. एकच खोली, नीटनेटकी. खिडकीत काकांचे फर्मे शेजारी शेजारी ठेवलेले, ठिगळांसकट. न्हाणीघराच्या दाराबाहेर एक स्टूल, त्यावर जुन्या कापडाची गादी. आतून दाराची कडी सरकल्याचा आवाज आला.

"आलात, वन्सं? किती हा उशीर! पाणी दोनदा तापवलं मी." काकूचा आवाज थकला होता, पण तोच होता. "वाटलं, आज काही तुम्ही येत नाही."

दादा स्टुलावर बसला. आपण कोण ते सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण लगेच मिटलं. आत पाण्याचा तांब्या वाजला.

"बूट चावतात ना अजून? मी सांगते ते ऐकत नाही तुम्ही. अहो, त्या पोराला एकदा सरळ सांगा ना, की बाबा रे, पाय सोलून निघाले. तर म्हणे, त्याला लाज वाटेल. तुमच्या पायातनं रक्त आलेलं चालतं, पण त्याला लाज वाटलेली चालत नाही! पहिल्यापासून तुम्ही त्याला अस्संच लाडावलंय. पहिला जोड शिवला त्यानं, तर दोन्ही बूट डाव्या पायाचे! आम्ही सगळे हसून हसून बेजार, आणि तुम्ही तेच घालून बाजार करून आलात. वर त्याला म्हणालात काय, तर छान झालेत रे."

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो जोड त्याला आठवत होता. आत्या त्या जोडात लंगडत आली होती, आणि त्या दिवशी तो कारागीर झाला होता.

"वन्सं?" आतलं पाणी थांबलं. "बोला की. गप्प का झालात?"

त्यानं दाराकडं हात नेला आणि मागं घेतला.

"वन्सं! अहो, आहात ना बाहेर?" आता आवाज कापायला लागला. काहीतरी घरंगळलं. तांब्या असावा. "वन्सं, बोला हो! मला भीती वाटते..."

"काकू, मी आहे," दादा म्हणाला.

मी म्हणजे कोण, असं काकूनं विचारलं नाही.

"आत्या बरी आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "घरी आहे. तिला चालवत नाही आज. मी केलेल्या बुटांनी... तुम्हाला माहीतच आहे. तिनं मला पाठवलं. मी जाऊ का?"

आत घरंगळलेला तांब्या उचलल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाली, "अंगाला साबण लावून उभी आहे मी. आता जाऊन कसं चालेल? बस तिथंच."

"बरं."

"आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. पण आवाज थांबवू नको."

दार लावलेलं होतं, तरी दादा भिंतीकडं तोंड करून बसला. सांगण्यासारखं त्याच्याजवळ एकच होतं. "काकू, त्या दिवशी दुकानात तुम्ही विचारलंत, तेव्हा मी जे बोललो... विश्रांती घ्या असं मला म्हणायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं आहे. मला तुम्ही तिथं नकोच होतात. तुमची शिवण माझ्यापेक्षा..."

त्याचा आवाज फुटला आणि तो थांबला.

आत पाणी पडायचं लगेच थांबलं. "थांबू नको रे," काकू आतून म्हणाली. तिचा आवाज पार भेदरलेला होता. "पुढं बोल."

दादानं बाहीनं तोंड पुसलं, स्टूल दाराच्या आणखी जवळ ओढलं, आणि पुढं बोलायला लागला.